दशमी ते त्रयोदशी : कर्लीच्या खाडीत स्काऊट पथक

पोरांना घेऊन खाडीतून जायचं म्हटलं की भेटेल तो पहिल्यांदा विचारतो, "किती किलोमीटर?" सिंधुदुर्गातल्या कर्लीच्या खाडीत, नेरूरपारच्या पुलाखालून देवबागला खाडी समुद्राला मिळते त्या संगमापर्यंतचं अंतर तरण्या गड्याने ठरवलं तर एका दिवसात कापून होईल. आम्ही त्यासाठी दशमी ते त्रयोदशी घेतली आणि मला ते अजूनही घाईचं वाटतं. शाळेतलं पथक, वय बारा ते सोळा, निम्म्यांनी हातात वल्हं कधी धरलेलं नाही. अशा मुलांना खाडीत रोज एकच ओहोटी वापरता येते, तीही सकाळची. ती संपली की दिवसाचा प्रवास संपला, मग अंतर कितीही झालेलं असो.

म्हणून तारखा कॅलेंडरच्या सुट्ट्या बघून नाही, तिथी बघून काढल्या. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सगळ्यांना ठाऊक आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. हा हिशेब मुंबईच्या बाजूचा. मालवणात पाणी तासभर आधी भरतं, पण भरती खाडीतून वर चढायला पुन्हा वेळ घेते, त्यामुळे नेरूरपारला आकडा बराचसा जुळतो. मार्गशीर्ष वद्य दशमी धरली याची कारणं दोन. सकाळी आठच्या सुमारास पाणी उतरायला लागणार आणि आम्ही त्याच्याबरोबर खाली सरकणार. शिवाय अष्टमीनंतरचं हे भांगाचं पाणी, उधाणासारखी ओढ त्याला नसते. अमावास्येच्या आसपास गेलो असतो तर भरतीच दुपारकडे आली असती आणि ओहोटीच्या वेळी समोरून खारा वारा. डिसेंबरात पहाटे जमिनीवरून मतलई वाहतो, तो आपल्या पाठीशी. अकरा-बाराच्या पुढे समुद्राचा वारा सुटतो, तो तोंडावर. सगळा बेत या दोन वाऱ्यांच्या मधल्या फटीत बसवायचा होता.

नौकांचा प्रश्न सोपा नव्हता. पुस्तकातल्या चित्रात असते तशी उघडी लांब कनू आपल्याकडे मिळत नाही. पूर्वी आंब्याच्या खोडाच्या, उलांडी (तोल राखायला बाजूला जोडलेला ओंडका) लावलेल्या होड्या असत, आता त्याही फारशा दिसत नाहीत. आम्ही पर्यटकांना भाड्याने देतात त्यातल्या दोन बसायच्या कयाक घेतल्या, वरून सपाट असतात त्या. उलटल्या तरी पाणी भरून बुडत नाहीत, पुन्हा सरळ करून वर चढता येतं. सोबत होडीवाल्या तात्यांची फायबरची होडी, मागे इंजिन लावलेली. इंजिन फक्त संकटात चालू करायचं असं ठरलं. तात्यांनी ते मानलं, पण पहिल्या दिवशी "वल्ह्यान होडी हाकूचा वय माझा ऱ्हवला नाय" असं दोनदा ऐकवलंही.

कागदपत्रांचं फार सांगत नाही. पालकांची संमतीपत्रं, मुख्याध्यापकांचं पत्र, स्काऊटच्या जिल्हा कार्यालयाची परवानगी, ज्या गावांत मुक्काम त्या ग्रामपंचायती, पोलीस ठाण्यात मुलांची यादी. हे होईपर्यंत महिना जातो, तेवढा हातात ठेवावा. त्याहून महत्त्वाचं काम म्हणजे आधी दोन्ही काठांनी मोटरसायकलवरून फिरून येणं. आमचे पीटीचे सर आणि मी भर ओहोटीच्या वेळी गेलो. भरतीला खाडीचा प्रत्येक काठ उतरण्याजोगा दिसतो, ओहोटीला कळतं की मध्ये गुडघाभर चिखल आहे आणि चिखलात पाय कापणारी कालवं. जिथे धक्का किंवा वाळू आहे आणि रस्त्यावर गाडी येऊ शकते अशाच जागा नकाशावर गोल केल्या. मोबाईलला कुठे रेंज नाही तेही तिथेच लिहून घेतलं.

आणि पोहण्याची परीक्षा. अंगावरच्या कपड्यांनिशी, लाईफ जॅकेट घालून, गावच्या तळ्यात. कयाक मुद्दाम उलटवायची, जोडीदाराला हाक मारायची, वल्हं सोडायचं नाही, दोघांनी दोन बाजूंनी चढायचं. ज्यांना हे जमलं नाही त्यांना नौकेत घेतलं नाही. ही गोष्ट पालकसभेत सांगितली तेव्हा काही चेहरे उतरले. पण त्या मुलांचा किनारा संघ केला. तंबू, तांदूळ, स्टोव्ह घेऊन ते सायकलवर रस्त्याने पुढे जाणार, मुक्कामाची जागा तयार ठेवणार. तिसऱ्या दिवसापर्यंत नौकेतले दोघेजण किनारा संघात बदली मागत होते, कारण किनारा संघाला वाटेत वडापाव मिळत होता.

दशमी

पुलाखाली सकाळी धुकं होतं. सामान निळ्या प्लास्टिकच्या पिंपांत भरून झाकणं घट्ट केली. जड वस्तू तळाशी आणि मध्यभागी, वर काही उंच रचायचं नाही, प्रत्येक गोष्टीला दोर. तपासणी मी केली नाही. आमच्या पथकात खंड्या आणि घार असे नौकेतले दोन संघ, त्यांच्या संघनायकांनी एकमेकांच्या नौका तपासल्या. दुसऱ्याच्या नौकेतली खोट काढायला मुलं फार तत्पर असतात. घारच्या एका कयाकवर चिवड्याचं आख्खं पिंप निघालं. ते जप्त करावं की नाही यावर चर्चा झाली आणि राहू द्यायचं ठरलं.

खुणा पक्क्या केल्या. वल्हं उभं धरलं तर "या", डोक्यावर आडवं धरलं तर "थांबा", शिट्टी तीनदा वाजली तर हातातलं सोडून तिकडे बघायचं. सगळ्यात पुढे एक संघनायक, सगळ्यात मागे पीटीचे सर, पुढच्याच्या पुढे नाही आणि मागच्याच्या मागे नाही. मी तात्यांच्या होडीत.

कुडाळात जिला आम्ही भंगसाळ म्हणतो तीच खाली येऊन कर्ली होते, पण मुलांना ओळख पटेना. घराजवळची नदी म्हणजे कपडे धुवायचे खडक आणि पावसाळ्यातला पूर. इथे एकदम रुंद, हिरवट, वाहतं आहे की नाही कळू नये असं पाणी. सुरुवातीला प्रत्येक कयाक गोल गोल फिरली. पुढचा आणि मागचा दोघेही एकाच बाजूला वल्हवत होते आणि दोघेही दुसऱ्याला दोष देत होते. कयाक मागचा माणूस वळवतो, पुढच्याने फक्त ताल धरायचा. हे तोंडाने सांगून उपयोग नाही. अर्धा तास त्यांना फिरू दिलं, मग आपोआप नाकं सरळ झाली.

मध्ये वाळूच्या होड्या लागल्या. बांबू रोवून, पाण्यात बुडी मारून घमेल्याने वाळू वर काढणारे लोक. आमची मुलं तोंड उघडं ठेवून बघत राहिली. इतका वेळ श्वास धरायचा आणि दिवसभर तेच करायचं. पुढे काळसेच्या बाजूला काठ ढासळलेला दिसला, माडांची मुळं उघडी पडून लोंबत होती. उपशामुळे बागायती खाडीत चालली अशी इथल्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. मुलांनी दोन्ही पाहिलं, दोन्हीबद्दल विचारलं. मी बाजू सांगितली नाही. रात्री त्यांच्यातच भांडण लागलं, ते मला हवंच होतं.

काळसेला लवकर उतरलो. जेवण आटोपून चालत धामापूरला. 1530 साली नागेश देसाई यांनी बांधला असं सांगतात तो तलाव, काठावर भगवतीचं मंदिर, भोवती दाट झाडी. 2020 साली आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान्यता दिली. मातीचा बांध, खालच्या शेतीला पाणी, आणि इतकी शतकं चालू. सकाळपासून खारं पाणी हुंगलेल्या मुलांनी तिथे गोड्या पाण्याचा वास ओळखला. पाण्याचं गणित मला इथेच समजवायचं होतं. खाडी भरून वाहते आहे, पण तिच्यातला एक थेंब पिता येत नाही. माणशी तीन लिटर रोज लागतं आणि ते विहिरीपासून डोक्यावरून आणावं लागतं. दुसऱ्या दिवसापासून ताटं वाळूने घासून मग पाण्याचा हात फिरवायची पद्धत मुलांनी स्वतःच सुरू केली.

एकादशी

तात्यांचा उपास. पहाटेच त्यांनी बजावलं, "आज माका मासो विचारू नको, रे." मुलांनी आदल्या रात्रीच गळ लावून ठेवला होता, सुदैवाने त्याला काही लागलं नव्हतं. उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं खाऊन सव्वाआठला निघालो.

आजचा पट्टा मला सगळ्यात आवडतो. एका अंगाला देवली, दुसऱ्या अंगाला वालावल-चेंदवण, मध्ये खाडीचे फाटे आत शिरतात आणि दोन्ही बाजूंनी कांदळ, म्हणजे खारफुटी. मुलांसाठी सगळं कांदळच होतं, म्हणून एका फाट्यात नौका थांबवून वेगळं करायला लावलं. कमानीसारखी मुळं खोडातून बाहेर टाकतो तो कांदळ. चिखलातून बोटांएवढी मुळं वर उभी करते ती तिवर. तशीच पण जाड, टोकदार खुंट्यांसारखी मुळं आणि हिरवं चिपटं फळ ती चिप्पी. पांढरी चिप्पी 2020 पासून राज्याचा कांदळवृक्ष आहे. चिखलात हवा नसते म्हणून मुळं वर येऊन श्वास घेतात, हे विज्ञानाच्या पुस्तकात मुलांनी पाठ केलेलं होतं. पुस्तकात नसलेली गोष्ट म्हणजे ओहोटीत त्या मुळांमधून येणारा टकटक आवाज. तो कोण करतं यावर खंड्या संघाने पाच मतं दिली. तात्या म्हणाले कुर्ल्या आणि चिंगळं (खेकडे आणि कोळंबी), आणि वाद तिथे मिटला.

एका ठिकाणी चिखलावर माशाचे खवले आणि काटे मिसळलेली विष्ठा सापडली. पाणमांजर. इकडे ऊद म्हणतात. प्रत्यक्ष दिसलं नाही. बारा माणसं आणि त्यातला एक शीळ घालणारा असताना ते दिसेल ही अपेक्षाच चूक. सिंधुदुर्गाच्या खाड्यांत ते आहेत आणि अशा विष्ठेवरूनच त्यांची मोजदाद करतात, एवढं सांगून पुढे निघालो. कांदळाची फांदी तोडायची नाही, शेकोटीला तर नाहीच, तो गुन्हा आहे. स्टोव्ह बरोबर नेण्याचं हेच कारण, नाहीतर स्काऊट आणि शेकोटी यांची ताटातूट करायला मलाही जिवावर येतं.

वालावलला लक्ष्मीनारायणाच्या देवळात जाऊन आलो. तळ्याकाठी बसून घारच्या उपसंघनायकाने विचारलं, "सर, स्काऊट म्हणजे डोंगर, जंगल. पाण्यात आपलं काय काम?" प्रश्न रास्त होता. बेडन पॉवेल यांनी 1907 साली वीस मुलं घेऊन पहिलं शिबिर भरवलं तेच मुळी ब्राऊनसी बेटावर, होडीतून जाऊन. त्यांचा थोरला भाऊ वॉरिंग्टन हा कनू वल्हवणारा पक्का दर्यावर्दी, बाल्टिक समुद्रात त्याने कनूतून सफर केली होती. सी स्काऊटची शाखा पुढे त्यानेच उभी केली. उपसंघनायकाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांच्या आईने सोडलं?"

मुक्काम कवठीला. किनारा संघाने तंबू लावून, शौचासाठी चर खणून, तांदूळ शिजत टाकलेला. चर भरतीच्या रेषेपासून भरपूर वर आणि विहिरीपासून लांब, हे त्यांनी न सांगता केलं याचा मला तंबूंपेक्षा जास्त आनंद झाला. जेवणाला कुळथाची पिठी. तात्यांना किनारा संघाने साबुदाण्याची खिचडी करून दिली. ती जरा करपली होती, तात्यांनी ती बिनतक्रार संपवली.

रात्री मानसभा बसली. मानसभा म्हणजे संघनायकांची बैठक, पथकाचे निर्णय तिथे व्हायचे, स्काऊटमास्तरने कोपऱ्यात बसायचं. बहुतेक शाळांत ती फक्त नोंदवहीत भरते, मास्तरच सगळं ठरवतो आणि सह्या घेतो. माझा त्याला विरोध आहे. मुलगा नायक म्हणून शर्टावर पट्ट्या लावतो, मग त्याला काहीतरी ठरवू द्यावं आणि तेही खरंखुरं.

विषय असा. द्वादशीला देवबागला पोचल्यावर संगम ओलांडून समोर भोगव्याच्या किनाऱ्याला लागायचं की नाही? सगळ्यांना जायचं होतं. रुंदी बघितली तर मोह व्हावा इतकी कमी. खंड्याच्या नायकाने वहीत आकृती काढली. ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर धावतं, समुद्राची लाट आणि दुपारचा वारा आत येतात, दोघांची टक्कर मुखाशी, जिथे वाळूमुळे पाणी उथळ आहे. तिथे लाट उभी राहते आणि फुटते. घारचा नायक म्हणाला, मग भरतीत जाऊ. भरती संध्याकाळी, परत येताना अंधार, वद्य पक्षात चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार. अर्धा तास खल झाला. माझ्याकडे दोनदा पाहिलं, मी शेंगदाणे सोलत राहिलो. (नकाशावर त्या जागी मी आधीच लाल रेघ मारलेली होती. ते "जाऊ" म्हणाले असते तर ती बाहेर काढावी लागली असती. काढावी लागली नाही.) ठरलं ते असं: संगम पायी जाऊन बघायचा, ओलांडायचा नाही.

दुसरा ठराव निघण्याच्या वेळेचा. पूर्ण भरती साडेआठच्या पुढे आणि वारा अकराला, म्हणजे हातात वेळ थोडा. मग आठवीतल्या एका मुलाने बारांशाचा नियम काढला. सहा तासांच्या भरतीत पाणी सारखं चढत नाही. पहिल्या तासात बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, शेवटच्यात पुन्हा एक. म्हणजे शेवटच्या तासात भरतीची ओढ नावालाच उरते. तिच्याविरुद्ध वल्हवत साडेसातलाच निघालो तर वाऱ्याच्या आधी एक तास जास्त मिळतो. हा मुलगा गणितात कसाबसा पास होतो, म्हणून मुद्दाम लिहितो.

द्वादशी

साडेसातला निघालो. आठवीतल्या त्या मुलाला आज सगळ्यांत पुढे बसवलं. पहिला तास अंग गरम करण्यात गेला, मग पाणी थांबलं, मग हळूच आपल्या बाजूने झालं.

वारा अकराची वाट न बघता दहाच्या आधीच सुटला. "फिरलो वारो," तात्या एवढंच म्हणाले आणि इंजिनावरचं फडकं काढून ठेवलं. कोरजाईपर्यंत तो थेट तोंडावर. बाकीच्या नौका नेट लावून पुढे जात होत्या, चिवड्याच्या पिंपाची कयाक मात्र पुन्हा पुन्हा आडवी होत होती. मुलं घामाघूम. शिट्टी झाली, सगळे कांदळाच्या आडोशाला जमले. पिंप मागच्या माणसाच्याही मागे बांधलेलं होतं. शेपटी पाण्यात रुतलेली, नाक वर, आणि ते हलकं नाक वारा सारखा बाजूला ढकलत होता. "झिलग्यांनू, पिंप फुडे घेवा," तात्या होडीतून म्हणाले. पिंप पुढे आलं, थोडा चिवडा वाटून हलकंही झालं. त्यानंतर ती कयाक सरळ चालली.

कोरजाईच्या पुढे खाडी वळते आणि देवबागची लांब, अरुंद जमीन समुद्राच्या बाजूला आडवी येते. माडांच्या आडोशाला लागलं की तोच वारा डोक्यावरून जातो. मुलांनी वल्ही मांडीवर ठेवली. इथून पुढे पर्यटकांच्या होड्या, केळ्याच्या आकाराचे फुगे ओढणाऱ्या बोटी, जेट स्की. त्यांच्या लाटांनी आमच्या कयाक हेलकावल्या, त्या वेगाने जाणाऱ्यांना त्याचं काही नव्हतं. गावाचं पोट त्यावर चालतं हे मान्य, पण वल्ह्याने जाणाऱ्याजवळून जाताना वेग कमी करायचा एवढी रीत कोणी शिकवेल तर बरं. आम्ही एका रांगेत काठ धरून गेलो, प्रत्येक लाटेला नाक समोर करत.

तात्यांच्या पुतण्याच्या अंगणात मुक्काम. वहिनींनी तिसऱ्यांची (शिंपल्यांची) एकशिपी आणि भात केला आणि कालच्या उपासाची भरपाई तात्यांनी व्यवस्थित केली. दुपारी पायी संगमावर. ओहोटीचा जोर होता. मुखाशी पांढऱ्या लाटांची भिंत उभी राहत होती, पडत होती, पुन्हा उभी राहत होती. घारचा नायक बराच वेळ बघत होता. मग खंड्याच्या नायकाला म्हणाला, "तुझी आकृती लहान होती."

त्रयोदशी

किल्ले सिंधुदुर्गला गेलो नाही. सहलीत सगळ्यांनी तो पाहिलेला आहे आणि आजचा दिवस धुण्याचा. कयाक, वल्ही, जॅकेट, दोर सगळं गोड्या पाण्याने. खारं पाणी वाळलं की जॅकेटच्या पट्ट्या आणि बकलं कडक होतात आणि पुढच्या वेळी ऐनवेळी अडकतात. तंबू उन्हात पूर्ण सुकल्याशिवाय गुंडाळायचे नाहीत, घरी बस चुकली तरी चालेल. दोर मोजून परत घेतले. दोन कमी निघाले, ते किनारा संघाच्या सायकलींवर सापडले. जमाखर्च खंड्याच्या नायकाने वाचला, वडापावची रक्कम कोणत्या खात्यात टाकायची यावर तो अडला.

टेम्पोत बसल्या बसल्या पुढच्या वर्षीसाठी मतं मागवली गेली. कालावलची खाडी की तेरेखोल? कालावल शांत, रुंद, मुक्कामाला सोयीची, मी मनातून तिच्याच बाजूचा. पण तेरेखोलच्या पाण्यात मगर आहे हे कोणीतरी बोललं आणि मतं भराभर तिकडे गेली. मानसभेचा ठराव वहीत रीतसर लिहिला गेला. पालकसभेत तो वाचून दाखवायचं काम, त्याच ठरावात, एकमताने माझ्यावर टाकलेलं आहे.